अण्णांची चावी

मेनरोडवरच्या घड्याळवाल्याकडे मी पट्टा बदलायला थांबलो होतो. माझ्यापुढे एक बहीण-भाऊ, वारलेल्या वडिलांचं स्विस घड्याळ घेऊन.

“काका, ओरिजिनल आहे ना? काय किंमत येईल?”

“मॅडम, केस ओरिजिनल, डायल ओरिजिनल. मशीन मात्र बदललंय, आणि खरी किंमत त्याचीच असते. आत साधं सेलचं बसवलंय.”

“सेलचं? अहो, अण्णा रोज सकाळी आमच्यासमोर चावी द्यायचे!”

“सेलच्या घड्याळाला चावी लागत नाही.”

“जीवन, अंबडची कंपनी बंद पडून अण्णांची नोकरी गेली, तेव्हापासून ते घड्याळाला कुणाला हात लावू देत नव्हते. आठवतं?”

“त्याच वर्षी तुझं लग्न झालं, ताई.”

“…काका, नवा सेल टाका. विकायचं नाही.”

“आणि आईला काय सांगायचं?”

“काही नाही. उद्यापासून तिच्यासमोर तू चावी देत जा.”