पुरावा

दुरुस्तीच्या दुकानात आपला नंबर यायची वाट बघत बसलेल्या भूगोलाच्या बाई हातातलं मासिक चाळत होत्या, पण कान होते काउंटरपाशी उभ्या असलेल्या आजी-आजोबांकडे. दुकानदाराने त्यांचा कॉम्प्युटर उघडला होता.

"आजोबा, यात तीळभरही जागा उरली नाहीये. सगळ्यात जास्त जागा 'पुरावा' नावाच्या फोल्डरने खाल्लीय, त्याखालोखाल कावळ्यांच्या फोटोंनी."

"पुरावा? कसला पुरावा?"

"तुमच्या घोरण्याचा. रात्री फोनवर घेते आणि सकाळी यात भरते."

"मी घोरतच नाही!"

"लाव रे बाबा त्यातलं एखादं."

दुकानदाराने लावलं. बाईंच्या हातातलं मासिक खाली पडलं.

"हा तर ट्रक आहे."

"ट्रक मधेच 'चहा टाक' म्हणतो का हो?"

"बरं बाई, घोरतो मी. मिटलं ना भांडण? उडव रे ते सगळं."

"हात लावू नकोस हं त्याला!"

"अगं, पण मी कबूल केलं की!"

"म्हणून काय झालं? धाकट्या लेकीकडे राहायला गेले की मला झोप लागत नाही. तेच लावून झोपते मी."

आजोबांनी उगाचच चष्मा पुसला.

"माझे ते कावळ्यांचे फोटो काढून टाक."

"सगळे?"

"सगळे. आणि ऐक, त्या आवाजात मधे पंखा फार घरघरतोय. तेवढा कमी कर, म्हणजे मी जरा नीट ऐकू येईन."