धुळ्याच्या शाखेचा बोर्ड

...आणि वर लोक पाठीवर थाप मारतात हो! "काय भूपेंद्रभाऊ, जळगाव पुरेना वाटतं! धुळ्यालाही ऑफिस टाकलं म्हणे!" अहो टाकलं, टाकलं, पण हौसेनं टाकलं असं वाटतं का तुम्हाला? तुम्हाला सांगतो, ज्या दिवशी तो बोर्ड वर चढला ना, त्या दिवशी सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी खाली उभा राहून एकच विचार करत होतो, हा सुटून कोणाच्या डोक्यात पडला तर केस कोणत्या कोर्टात चालेल, जळगावच्या की धुळ्याच्या?

आता तुम्ही हसताय. हसा. पण मी सीए आहे हो, सीए! आमचा धंदाच भीतीचा. रिटर्नच्या शेवटच्या तारखेला ती सरकारी वेबसाइट गोल गोल फिरत बसते, तिच्याबरोबर मी खोलीभर फिरतो. अनोळखी नंबरवरून फोन आला की मी आधी पाणी पितो, मग उचलतो, आणि पलीकडून बाई म्हणते, "सर, क्रेडिट कार्ड हवंय का?" इतका आनंद होतो मला, इतका आनंद, की दोनदा कार्ड घेऊन बसलोय! सीए झालो तोसुद्धा भीतीनंच. नापास झालो तर वडिलांना तोंड कसं दाखवायचं, ह्या एका धास्तीवर बठ्ठे, म्हणजे सगळेच्या सगळे पेपर पास केले. आता तुम्हीच सांगा, माणसानं भ्यायचं नाही तर काय करायचं?

बरं, माझं चांगलं चाललं होतं. जळगावातच, पिंप्राळ्यात, घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस. क्लायंट चपला काढून आत यायचे, आतून फोडणीचा ठसका आला की शिंकायचे, शिंकत शिंकत हिशोब सांगायचे. एक मी, दोन मुली टायपिंगला, आणि आमची चारुलता, म्हणजे बायको, चहाला आणि मला धीर द्यायला. चहा कमी लागायचा.

पण माझा सगळ्यात मोठा क्लायंट होता धुळ्याचा. घेवरचंदजी. साड्यांचे व्यापारी. दुकान त्यांचं, भावांचं, मेहुण्याचं, साडूचं, सगळ्यांची कामं माझ्याकडे. माझं निम्मं ऑफिस म्हणजे घेवरचंदजींचं खानदान! आणि हा माणूस कधी ओरडत नाही हो. ओरडणाऱ्याची भीती ओरडून होईपर्यंत वाटते. हे हळू बोलतात. इतकं हळू की आपण पुढे वाकतो, आणि पुढे वाकलं की आपोआप नमस्काराच्या पोझमध्ये येतो!

तर एक दिवस ते म्हणाले, हळूच, "देखो भूपेंद्रभाऊ, आपला कारभार धुळ्यात, तुम्ही बसता जळगावात. एक ऑफिस इथं टाका ना. नाही टाकलं तरी चालेल... गावात दुसरे सीए आहेतच."

झालं! ह्याला लोक म्हणतात, भूपेंद्रभाऊंनी धंदा वाढवला! अहो वाढवला कसला, घाबरून पुढे पळालो!

जागा मिळाली भटूआबांची. मालक खाली राहतात, आम्ही वर. मोठा दिलदार माणूस. भाडेकरार मी तिसऱ्यांदा वाचतोय बघून म्हणाले, "कसाले घाबरस रे भाऊ? मी शे ना आठे! बठ्ठा गाव मना वळखीना शे!" मी म्हटलं, आबा, त्याचीच तर भीती वाटते. बठ्ठा गाव ओळखीचा म्हणजे काही बिनसलं की बठ्ठ्या गावाला कळणार!

आता शाखा झाली, पण तिथं बसणार कोण? मी? रोज पारोळ्यावरून, ते केळीचे ट्रक अंगावर घेत? नाव काढू नका. मग मुलाखती घेतल्या आणि आली मयुरी. नुकतीच सीए झालेली, वरणगावची. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले. मी विचारलं, "क्लायंट मोठे आहेत हो, भीती नाही ना वाटणार?" ती म्हणाली, "कशाची, सर?" नुसतं तेवढंच. कशाची! मी यादी द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, ज्या घरात बाप रोज काडतुसांच्या कारखान्यात जाऊन संध्याकाळी वांग्याच्या भरताला यायचा, त्या घरच्या मुलीला आपण काय भीती शिकवणार! ठेवून घेतली.

आणि काम काय करायची हो! दिवाळीपर्यंत ऑफिस भरलं. मी आठवड्यातून एकदा जायचो, खुर्चीत बसायचो, भटूआबांचा चहा प्यायचो आणि परत. वाटलं, अरे, हे जमतंय की! आणि तुम्हाला सांगतो, मला जेव्हा जेव्हा वाटलंय ना की जमतंय, तेव्हा तेव्हा फोन वाजलाय.

वाजला. मयुरी.

"सर, घेवरचंदजींना मी नाही म्हणून सांगितलं."

माझ्या हातात पोळीचा घास. तसाच. "काय नाही?"

"त्यांना बँकेचं कर्ज वाढवून हवंय. गोदामात एवढा एवढा माल आहे, असा दाखला हवाय आपल्या सहीचा. मी म्हटलं, माल दाखवा. गोदामात गेले. खोक्यांची पुढची रांग भरलेली आहे, सर. मागची मी एका बोटानं ढकलली."

"मग?"

"सरकली."

सरकली! खोकी तिथं सरकली, इथं माझ्या पायाखालची फरशी सरकली. साड्यांचं खोकं एका बोटानं सरकतं का हो? आणि समजा सरकलं, तर बोट लावायचं कशाला? ही आजकालची मुलं! आम्ही आमच्या काळात खिशात हात घालून गोदाम बघायचो!

मयुरीचा फोन ठेवतो तो घेवरचंदजींचा. "भूपेंद्रभाऊ... तुमची मॅडम हुशार आहे. बहोत हुशार. उद्या तुम्हीच या." बस. रागावले नाहीत, काही नाही. इतकं हळू, की मी फोन कानात खुपसून ऐकला.

चारुलता म्हणाली, "मग काय करणार?" मी म्हटलं, "सही केली आणि उद्या बँकेला कळलं, तर माझं सीएपण जाईल, कोर्टात उभं राहावं लागेल. नाही केली तर घेवरचंदजी जातील, आणि सगळं खानदान घेऊन जातील. मग मयुरीचा पगार, भटूआबांचं भाडं, आपल्या घराचा हप्ता..." तिनं ताट माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाली, "जेवून घ्या आधी." आता तुम्हीच सांगा, माणसानं भ्यायचं नाही तर काय करायचं?

आणि खरं सांगू? गाडीत बसलो तेव्हा माझं ठरलेलं होतं. सही करायची. देवाशपथ सांगतो, पेन खिशात नीट लावून निघालो होतो. एरंडोल येईपर्यंत ठरलं की मयुरीला चारचौघांत दोन शब्द बोलायचे, म्हणजे घेवरचंदजी निवतील. पारोळा येईपर्यंत ते शब्दही तयार झाले. आणि धुळ्याला उतरलो तर ती पोरगी दारात उभी, "सर, पाणी घ्या आधी, चेहरा पांढरा झालाय तुमचा." आता हिला बोलायचं कसं?

गोदामात गेलो. घेवरचंदजी, त्यांचा मुलगा पारस, मयुरी आणि मी. पारस बिचारा भिंतीकडे बघत उभा. घेवरचंदजींनी कागद पुढे केला. "आपण घरचे लोक, भूपेंद्रभाऊ. दिवाळीत धंदा बसला, होतं कधीकधी. लग्नसराईत माल भरूनच घेणार आहे. आज नाही तर उद्या आहेच माल. करा सही."

मी पेन काढलं. पेन हातात, हात हवेत, आणि पाय... पाय गेले हो! अक्षरशः गेले! म्हटलं, आता पडणार, म्हणून आधाराला मागच्या रांगेला टेकलो. तुम्हाला सांगतो, माणसानं कशालाही टेकावं, रिकाम्या खोक्यांना टेकू नये! ती रांग गेली, तिच्या मागची गेली, वरची खाली आली, धडाधड धडाधड, माझ्या डोक्यावर, घेवरचंदजींच्या टोपीवर, आणि लागलं म्हणाल तर कोणालाच नाही. लागणार काय, आत होतं काय! मी खाली बसलेलो, चहूकडे उघडी, रिकामी खोकी.

आणि मग मी बोललो. म्हणजे, मी नाही बोललो, ते आतून आलंच. म्हटलं, "घेवरचंदजी, मला भीती वाटते हो. तुमची वाटते. फार वाटते. तुमचा फोन आला की मी उभा राहून घेतो. पण ह्या खोक्यांची त्याहून जास्त वाटते. माझ्याच्यानं नाही होणार."

घेवरचंदजींनी टोपी उचलली. झटकली. आणि पहिल्यांदा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मोठ्यानं बोलले, "उद्या आमच्या सगळ्या फायली बांधून ठेवा."

गेलं! निम्मं ऑफिस गेलं! टेम्पो आला, फायली भरल्या, टेम्पो गेला. टेम्पोकडे बघत मयुरी म्हणाली, "सर, माझ्यामुळे झालं. मी राजीनामा देते." मी म्हटलं, "अजिबात नाही!" तिला वाटलं मी थोर आहे. अहो, थोर कसला, ती गेली तर रोज धुळ्याला मला यावं लागलं असतं!

पुढचे दिवस विचारू नका. चारुलता भाजी निवडताना माझ्याकडे बघायची आणि मी पंख्याकडे. धुळ्याची शाखा बंद करायची, हेही ठरवून टाकलं. भटूआबांना सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "थांब ना भाऊ, इतली काय घाई शे?" आणि जिन्यातून वर आल्या... सुगनबाई!

सुगनबाई म्हणजे घेवरचंदजींच्या पत्नी. डोक्यावर पदर, हातात स्टीलचा डबा. मी उभाच राहिलो. म्हटलं, आता ह्या शिव्या देणार, आणि डब्यात काय असेल देव जाणे. त्या बसल्या. म्हणाल्या, "साहेब, तुम्ही खरंच घाबरला होता का?"

मी म्हटलं, "हो, बाईजी. खूप."

"पारसनं सांगितलं मला. घरात मग दुसरे सीए आले. त्यांनी कागद आणले. कर्जाला घर तारण ठेवायचं, आणि घर माझ्या नावावर आहे ना, माझी पण सही लागते. लग्न होऊन आले तेव्हापासून हे म्हणतात सही कर, मी करते. कधी वाचलं नाही. ह्या वेळी पेन हातात घेतलं आणि वाटलं, इतका शिकलेला माणूस घाबरून खाली बसला, तर मी का नाही घाबरायचं?"

"मग?" मी आणि मयुरी एकदम.

"मग मी पण खाली बसले. म्हटलं, माझ्याच्यानं नाही होणार."

अहो, काय सांगू तुम्हाला! घेवरचंदजी दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. मग पारसनं तोंड उघडलं, की बाबा, कर्ज नको, एक दुकान भाड्यानं देऊ, जुना माल सेलमध्ये काढू. आणि काढला! मंगळसूत्र मोडायची वेळ नाही आली, घर नाही गेलं, घेवरचंदजींचा आवाज फक्त बसला. सुगनबाईंचे डोळे भरले होते. त्यांनी डबा पुढे केला. आत घेवर होता, ती मारवाडी मिठाई. मी खाल्ला, आणि तुम्हाला सांगतो, न विचारता दुसराही घेतला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भीतीचा कोणाला तरी उपयोग झाला होता हो!

महिन्याभरात टेम्पो आला. फायली परत! मागोमाग घेवरचंदजी, जिना चढून, दमून. माझ्याकडे न बघता मयुरीला म्हणाले, "मॅडम, नीट मोजून घ्या." बस. तेवढंच.

वाटलं, संपलं. पण संपतंय कुठे! सुगनबाईंनी ही गोष्ट सांगितली आपल्या जावांना, जावांनी सांगितली मंदिरात, आणि आता बायका येतात हो, रांगेनं! कोणाच्या नवऱ्यानं कागद दिलाय, कोणाच्या दिरानं दिलाय, सगळ्यांचं एकच, "ते घाबरणारे साहेब आहेत ना, त्यांना दाखवायचंय. ते घाबरले तर आम्ही सही नाही करणार." आणि कागद माझ्यापुढे धरून माझ्या तोंडाकडे बघत बसतात! कपाळावर जरा घाम आला की, "बघ गं, आला!" म्हणून कागद पिशवीत! अहो, तो घाम उन्हाचा असतो कधीकधी! धुळ्याचा मे महिना आहे! आता तुम्हीच सांगा, माणसानं भ्यायचं नाही तर काय करायचं?

ऑफिसात जागा पुरेना. मयुरीनं आणखी चार जण घेतले. माझ्या परवानगीनं घेतले, म्हणजे घेतल्यावर मला सांगितलं. आणि गेल्या सोमवारी आत आली, दार लावलं, म्हणाली, "सर, अमळनेरला शाखा टाकायची आहे. जागा बघितली मी. आणि मला आता पार्टनर करा. बोर्डावर माझं नाव वर राहील, तुमचं खाली. क्लायंटना आधी धीर द्यावा लागतो, मग भीती."

मी पाणी प्यालो. विचार केला, ठणकावून नाही म्हणावं. मालक आहे मी! वीस वेळा तोंड उघडलं असेल.

तर परवा अमळनेरला उद्घाटन आहे, सगळ्यांनी यायचंय. मयुरीनं सांगितलंय, भाषण मी करायचं.