मढच्या आत्याला दाखवलेली जाळी

तुम्ही जेलीची बशी पुढं केलीत म्हणून सांगतो, राव, मला ती खाववत नाही. दोन हजार सालानंतरची गोष्ट. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी जिलेटिनच्या जेलपासून यंत्रानं बारीक जाळी छापत होतो. पुढंमागं तिच्यात माणसाच्या पेशी वाढवून कातडी करायची, असा बेत. पण सुईतून निघालेली रेघ लगेच पसरायची. गार काचेवर छापल्यावर ती पहिल्यांदा उभी राहिली.

मढला माझी आत्या होती. स्टोव्हच्या भडक्यात तिचा गळा भाजला होता, कातडी आखडून मान वर होत नव्हती. जाळी बर्फाच्या डब्यात घालून मी नारायणगावहून जीपनं तिच्याकडं गेलो. डबा उघडला, तिनं जाळीवर बोट ठेवलं, आणि बघता बघता बोटाखाली जाळीचं पाणी झालं.

"आरं, माझं अंगबी असंच गरम हाय की," आत्या म्हणाली. "मंग गळ्यावर हे कसं टिकायचं?"

"त्यावरच काम चाललंय, आत्या. पण लई वर्षं लागतील."

आत्या पदरानं बोट पुसत म्हणाली, "पोरांना नको सांगू. त्यांनी लई आस धरलीया."

पुढं उबेत न विरघळणारं जेल आम्हाला जमलं, पण त्याची कातडी व्हायच्या आधीच आत्या गेली. दहाव्याला तिचा थोरला मला म्हणाला, "दादा, आईनं आनखी थोडं थांबायला पायजे व्हतं, न्हाई का?"

मी हो म्हणालो.