टोपीच्या घडीतलं कार्ड

भूमच्या स्टँडवर ईटच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावर दोन म्हातारे भाऊ होते. थोरल्याच्या डोक्यावर कडक पांढरी टोपी.

“दादा, तुम्ही फिरून आला त्या जहाजावर खोलीला कुलूप असतंय का?”

“कुलूप न्हाय, भानू. कार्ड असतंय. दाराला लावलं की दार उघडतंय. नातीनं बजावलं, आबा, हे हरवू नका. मग एसटीचं तिकीट ठेवतो तसं टोपीच्या घडीत ठेवलं. तुझ्या वहिनीचं बी तिथंच.”

“जहाजावर बी टोपी?”

“मग काय बोडकं हिंडू? वरच्या मजल्यावर गेलो अन् वाऱ्यानं टोपीच उडवली. दोन्ही कार्डं घेऊन निघाली की समुद्राकडं!”

“गेली?”

“पार कठड्यापाशी गेली. तिथं एका बाईनं पटकन चपलेचा पाय दिला तिच्यावर.”

“टोपीवर? पाय?”

“चांगला दाबून दिला, म्हणून तर राहिली. म्या हात जोडले त्या बाईला. तवा कुठं जीवात जीव आला बघ.”

“दादा, माझ्या वरदच्या लग्नात माझा पाय चुकून लागला होता तुमच्या टोपीला. सहा वर्षं बोलला न्हाईत.”

“व्हय.”

“अन् आज सकाळी एकदम माझ्या दारात. चल ईटला म्हणून.”

“काल घरी आलो. बॅगा बी सोडल्या न्हायत अजून.”

“मग एवढी काय घाई होती?”

“धर जरा ही टोपी. तोंडावर पाणी मारून येतो.”