अळीचा ताप

कमलाक्षी : बाबा, बंगळूरहून आले, पिशवी अजून हातात आहे. आता तरी दार उघडा.

सदाशिव : थंयच रव, कमळ. सोप्यार बस. दाराकडं येव नको. फोनवर सांगितलंय ना, येव नको म्हणान?

कमलाक्षी : तुमचा आवाज ऐकला म्हणूनच आले. काय होतंय?

सदाशिव : ताप होतो. आज उतरलो. माका काय नाय.

कमलाक्षी : काही नाही तर आतून कडी कशाला?

सदाशिव : माज्या आंगात अळयेचो रोग गेलो हा.

कमलाक्षी : कसला?

सदाशिव : चवळी-अळसांद्यांच्या शेंगांत अळी पडलेली. शेतकीवाल्यांनी बाटली दिल्यानी. अळयेचोच व्हायरस म्हणे, तो फवारलो की अळी उलटी लोंबकाळून मरता. मी फवारी होतंय, वारो फिरलो आणि सगळां तोंडार इलां. नाकात गेलां, घशात गेलां. मगे दोन दिसांनी ताप.

कमलाक्षी : आणि म्हणून तुम्ही स्वतःला कोंडून घेतलंत.

सदाशिव : तुका लागात. वाड्यार सगळ्यांका लागात. लोकांनी येवचां बंद केल्यानी, ता बरां केल्यानी.

कमलाक्षी : बाबा, तुमची मुलगी बंगळूरला काय करते?

सदाशिव : उंदरांका टोचतंस.

कमलाक्षी : तोच विषाणू टोचते. अळीचा. इतकी वर्षं तेच करतेय. मला विचारायचं तरी होतं.

सदाशिव : तू कामात असतंस.

कमलाक्षी : ...आता ऐका. तो विषाणू माणसाच्या पेशीत शिरू शकतो, हे खरं. पण आत त्याला वाढता येत नाही. वाढायला त्याला अळीच लागते. आपलं शरीर त्याला बघतं, हा आपल्यातला नव्हे हे ओळखतं आणि बोंब ठोकतं. शेजारच्या पेशीही सावध होतात. थोड्या वेळात त्याचा निकाल लागतो.

सदाशिव : बोंब ठोकता म्हणजे तापच ना?

कमलाक्षी : कदाचित अंग जरा कसकसेल. पण उंदरांत आम्ही काय पाहिलं, सांगू? आधी नाकात अळीचा विषाणू घातला, मागाहून फ्लूचा. ज्यांना आधी अळीचा मिळाला होता, त्यांतले पुष्कळ वाचले. शरीर आधीच जागं होतं म्हणून.

सदाशिव : उंदरां ती. मी माणूस.

कमलाक्षी : बरोबर. माणसांचं मी तेवढ्या छातीठोकपणे सांगणार नाही. पण तो तुमच्याकडून मला लागणार नाही, हे सांगते. आता तापाचं सांगा. डोळ्यांच्या मागं दुखत होतं?

सदाशिव : खोबणी फुटतीत असा वाटा. हाडां तर कोणी दगडान ठेचल्यासारखी.

कमलाक्षी : अंगावर पुरळ?

सदाशिव : हातार हा थोडो.

कमलाक्षी : पोट?

सदाशिव : दुखता. आणि सकाळी चूळ भरली तर रगत इलां.

कमलाक्षी : बाबा, दार उघडा.

सदाशिव : ताप उतरलो म्हणान सांगतंय ना!

कमलाक्षी : उतरला म्हणूनच. हा डेंगी वाटतो मला, आणि डेंगीचा ताप उतरतो तेव्हाच माणूस ढासळतो. तो डासांचा विषाणू. अळीच्या विषाणूसारखा भोळा नव्हे. डासातही वाढतो, माणसातही वाढतो. आपल्या शरीराला चकवायला शिकलेला आहे.

देवकी : कोण ता? कमळ? गो बाये, सोप्यार रव नको, हंय वईच्या कुंपणाकडं ये! भावोजींक ता औषध बाधलां.

कमलाक्षी : देवकीकाकी, आणखी कुणाला ताप आहे वाड्यावर?

देवकी : पांडुरंगाच्या पोराक आसा, त्याच्या आवशीकय आसा. सगळी म्हणतत, फवारो वाऱ्यान थंय गेलो.

कमलाक्षी : पांडुरंगकाकांचं घर टेकडीच्या पलीकडे. तिथं वारा नाही जात, काकी. डास जातात.

देवकी : माका काय कळता? सांगतत ता ऐकूचां. मी तरी पायरेर पेज ठेवी होतंय. पावाचो उंडोय ठेवी होतंय. हाक मारून पळान येय होतंय.

सदाशिव : खाय होतंय गे, देवके. गोड लागा.

कमलाक्षी : काकी, तुमच्या गोपाळदादाची रिक्षा हवी. तुयेच्या इस्पितळात न्यायचंय, आत्ता.

देवकी : तो घरात आसा... पण त्याची बायल येव देवची नाय.

कमलाक्षी : मी मागं बसते, बाबांना धरून. तुम्ही वहिनीला एवढंच सांगा. लागायचा असता तर मी हात लावला असता का?

देवकी : ...सांगतंय. थांब, मीच येतंय त्याका घेवन.

कमलाक्षी : बाबा, ऐकलंत? आता कडी काढा.

सदाशिव : तुझी आवय ह्याच खोलयेत होती. त्या करोनाच्या साली. ती आतून हाक मारी, आणि मी भायर, आता तू बसलं हंस थंय. दार उघडूचां नाय म्हणान सरकारान सांगितल्यान, मी उघडलंय नाय. मगे गाडी इली आणि तिका घेवन गेली. माका तिचे नुसते पाय दिसले.

कमलाक्षी : माहीत आहे. मला तर तेही दिसले नाहीत.

सदाशिव : मगे आज कशाक उघडू?

कमलाक्षी : तेव्हा दार लावणं बरोबर होतं, बाबा. आज लावणं चूक आहे. दोन्ही रोग वेगळे. ...आणि मी बाहेरून हाक मारायला एवढ्या लांबून आले नाही.

सदाशिव : कडी घट्ट झाली हा. हातात जोर नाय.

कमलाक्षी : हळू. वर ढकला. मी इकडून दार ओढून धरते.

(तुयेच्या इस्पितळात, काही दिवसांनी.)

सदाशिव : डॉक्टर काय म्हणालो?

कमलाक्षी : डेंगीच होता. रक्तातल्या पेशी वर येतायत. आणखी उशीर केला असता तर कठीण होतं, म्हणाले.

सदाशिव : पांडुरंगाचो पोर?

कमलाक्षी : पलीकडच्या खाटेवर. सकाळी बिस्किटं मागत होता. त्यालाही डेंगीच. काकींनी ते वाड्यावर घरोघर सांगितलं. आता पंचायतीची माणसं साठलेलं पाणी ओततायत.

सदाशिव : देवकी सांगूक लागली म्हणजे आता सगळ्यांका कळलां.

कमलाक्षी : घरात एकटे असताना काय करत होता दिवसभर?

सदाशिव : टीव्ही लावून ठेवी होतंय. माणसां बोलतत असा वाटा. आवाज मोठो केलो की शेजारच्या खोलयेत कोणतरी आसा असा वाटा.

कमलाक्षी : मी रजा वाढवलीय. पण जावं लागेल, बाबा. उंदीर आहेत तिथं, त्यांना दुसरं कोणी बघत नाही.

सदाशिव : जा. माजां चलात. ...कमळ, थंय तुका ताप इलो तर कोणाक सांगतंस?

कमलाक्षी : तुम्हाला फोन करते.

सदाशिव : कधी सांगितलंस नाय ता.

कमलाक्षी : ताप आलाय हे सांगत नाही. नुसता फोन करते.