भव्यपूरच्या दरबारातलं गाऱ्हाणं

मंडळी, ऐका! धाकू तांडेल मेला. परमुलखात पाहुणा म्हणून गेला, आणि मेला.

आता हे विसरा.

मेलाच नाही! मी काही बोललो नाही, तुम्ही काही ऐकलं नाही, पेटीवाल्यांनी सूरसुद्धा दिला नव्हता. का म्हणाल, तर भव्यपूर दरबाराचं अधिकृत म्हणणं असं, की धाकू तांडेल नावाचा इसम आमच्याकडे आलाच नव्हता. आणि जो आलाच नाही, तो मरेल कसा? तर्काला धरून आहे! मोठ्या राज्यांचं सगळं तर्काला धरूनच असतं.

मग माझा एक साधा प्रश्न. ज्याच्या दारात तोफा, बंदरात आरमार, ज्याच्या नुसत्या खाकरण्याने शेजारची चार राज्यं उभी राहतात – तो एका मासेमाऱ्याच्या जिभेला का घाबरतो? हं? सांगा की! पुढच्या रांगेतले काका मान हलवतायत. काका, ती मान उत्तर म्हणून हलली, की डुलकी आली? असू दे. झोपेत हललेली मानसुद्धा हल्ली होकारातच धरतात.

तर समुद्रात एक बेट होतं. खारेबेट. केवढं? एका टोकाला माणूस शिंकला, की दुसऱ्या टोकाची म्हातारी 'शतायुषी हो' म्हणायची, एवढं. आणि समोरच्या किनाऱ्यावर भव्यपूर. एक दिवस भव्यपूरचं आरमार आलं आणि बेटाच्या एकुलत्या एका खाडीत नांगर टाकून बसलं. कशासाठी? तर बेटाच्या रक्षणासाठी! मंडळी, त्या बेटावर शेवटचा परका हल्ला झाला होता तो एका वाट चुकलेल्या पाणकोंबडीचा. पण आरमार म्हणालं, काळजी करू नका, आम्ही आहोत. आणि खाडीत जाळं टाकायला बंदी!

बेटाचा पुढारी होता धाकू तांडेल. आता तुम्ही म्हणाल, बुवा, हा साधुपुरुष असणार. छे! निवडून यायला त्याने घरटी एक होडी कबूल केली होती. होड्या आल्या नाहीत. पुढच्या भाषणात त्या न आलेल्या होड्यांवर छप्पर चढलं, त्याच्या पुढच्या भाषणात शिडं रंगली. लोक हसायचे, शिव्या द्यायचे आणि परत त्यालाच निवडून द्यायचे. का? तर जे सगळ्यांच्या पोटात असायचं ते याच्या ओठावर यायचं. न घाबरता यायचं.

त्याची बायको आवडी. तिला राजकारण कळत होतं की नाही, ठाऊक नाही. तिला नवरा कळत होता.

खारेबेटावर एक रीत होती. हंगामाच्या पहिल्या दिवशी होड्या पाण्यात ढकलण्याआधी सगळं गाव देवळापुढे जमायचं. एकाने देवाकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून उभं राहायचं, गाऱ्हाणं घालायचं – 'बा देवा म्हाराजा! जाळी भरून येऊ दे रे म्हाराजा!' आणि बाकीच्यांनी एका तोंडाने – 'व्हय म्हाराजा!' आपल्या कोकणात घालतात ना, तसंच. पण त्यांचा एक नियम कडक होता. मागून 'व्हय' आलं, तरच पुढचं वाक्य. नाही आलं, तर बोलणाऱ्याने गुमान खाली बसायचं. मग तो पुढारी असो की पुजारी!

त्या वर्षी धाकू उभा राहिला आणि म्हणाला, 'बा देवा म्हाराजा! आमचं रक्षण करणाऱ्यांपासून आमचं रक्षण कर रे म्हाराजा!'

'व्हय म्हाराजा!' आरमाराच्या गलबतांवरचे कावळे उडाले, मंडळी!

हे ऐकलं भव्यपूरच्या वकिलाने. बेटावर ठेवलेला, शिकलेला माणूस. त्याने तातडीने कळवलं – बेटाने या मासेमाऱ्याला महाराज केलेलं आहे, सगळी प्रजा त्याच्या प्रत्येक शब्दाला 'होय महाराज' म्हणते! अरे शहाण्या, ते देवाला म्हणत होते! राजा कधी प्रजेकडे पाठ करून भिंतीशी बोलतो का? पण विचारणार कोण?

भव्यपूरचा प्रधान हसला. 'राजाच आहे ना? मग सोपं आहे. बोलवा, शाल घाला, आपल्या शेजारी खुर्ची द्या. आपल्या शेजारी बसलेला राजा परत कधी बोललाय?' खरं होतं ते. भव्यपुरात अशा शालवाल्या गप्प राजांची एक रांगच होती. मधून मधून त्यांच्यावरची धूळ झटकत.

आमंत्रण आलं, सहकुटुंब. होडीत आवडी नवऱ्याला चिकटून बसली.

'अवो, तिथे बोलणार नाही ना?'

'नाही गे. शाल घेतो, जेवतो, येतो.'

'देवाची आण?'

'देवाला कशाला मधे घेतेस? तो आधीच चिडलाय माझ्यावर. त्या होड्यांवरून.'

'मग माझी आण घ्या.'

धाकू पाण्याकडे बघत राहिला.

'बघा! आत्ता कसं गप्प बसता येतं!' ती म्हणाली, आणि पदर तोंडाशी नेला. लाट उडाली होती म्हणे डोळ्यात. समुद्र तर अगदी शांत होता, मंडळी.

दरबार भरला. झुंबरं, गालिचे, शाल, सगळं झालं. धाकू अत्तर लावून शहाण्यासारखा बसला. आवडीने मनात देवाला नारळ कबूल केला. आणि प्रधान बोलायला उठला. 'खारेबेटाच्या विनंतीवरून आम्ही त्यांची खाडी सांभाळत आहोत...'

विनंतीवरून!

संपलं. आवडीने त्याचा हात धरला, पण हात तेवढा तिच्या हातात राहिला, माणूस उभा राहिला होता. मग हातही सुटला. धाकूने सिंहासनाकडे पाठ केली. का? तर समुद्र खिडक्यांच्या बाजूला, आणि त्याचा देव समुद्रापलीकडे! त्या खिडक्यांपाशी उभे होते नोकर. पंखे ओढणारे, पिकदाण्या धरणारे, पहारेकरी.

'बा देवा म्हाराजा! ज्याची खाडी, त्याला तिच्यात जाळं टाकू दे रे म्हाराजा!'

आणि थांबला. रीतच ती. उत्तरासाठी थांबला.

उत्तर काय द्यायचं, हे त्या दरबाऱ्यांत कुणाला ठाऊक? ठाऊक होतं एकटीला. लहानपणापासून देत आलेली, झोपेतून उठवलं तरी दिलं असतं. शब्द जिभेवर आला होता तिच्या! पण तिच्या मनात काय आलं? मी बोलले, तर हा पुढे बोलणार. मी गप्प राहिले, तर हा बसणार. बसला, तर घरी येणार. उद्या रात्री चुलीपुढे बसून होड्यांबद्दल थापा मारणार. मारू दे! जन्मभर मारू दे!

आवडीने खाली मान घातली. गालिच्यावर मासे विणले होते. ती मासे बघत राहिली.

धाकूने मागे वळून बायकोकडे पाहिलं. त्याला कळलं. रागावला नाही, मंडळी. त्याने मान हलवली – बरं, बसतो. गुडघा वाकलासुद्धा!

तेवढ्यात खिडकीपासून आवाज आला. 'व्हय म्हाराजा.'

कोण? दरबारातला पाणक्या! चांदीचं तबक हातात धरून उभा. त्याचा मुलगा खारेबेटावर पहाऱ्याला होता. सुट्टीवर आला तेव्हा त्याने घरी या लोकांची नक्कल करून दाखवली होती. घरात सगळे हसले होते. मग शेजारच्यांनी हसायला म्हणून शिकून घेतली, मग गल्लीने, मग पंखेवाल्यांनी. आणि हसता हसता कधीतरी हसू थांबलं होतं, नक्कल तेवढी राहिली होती.

धाकूचा गुडघा सरळ झाला. 'बा देवा म्हाराजा! ज्यांनी हा महाल बांधला, त्यांना आत खाली बसायला मिळू दे रे म्हाराजा!'

'व्हय म्हाराजा!' पंखेवाले म्हणाले. पहारेकरी म्हणाले. खिडकीबाहेरून माळी म्हणाले, मुदपाकखान्यातून कुणीतरी पळी आपटून म्हणालं!

प्रधानाच्या हातात पाण्याचा पेला होता. तो तसाच राहिला. प्रधान धाकूकडे बघतच नव्हता, मंडळी! तो पाणक्याकडे बघत होता. इतकी वर्षं याच्या हातचं पाणी प्यालो, आणि याला तोंड आहे हे आज कळलं!

दारी तोफांचा पहारा, तरी डोळा लागेना,
बोल बेटावरचा शिरला, भिंतींतून जाईना!

आलं ध्यानात? मासेमाऱ्याची जीभ केवढी? तिने गलबताला भोकही पडत नाही. बलाढ्याला भीती वाटते ती आपल्याच घरातून येणाऱ्या उत्तराची. आणि घरातल्या सगळ्यांची तोंडं बंद करता येत नाहीत, पाणी कोण देणार मग? म्हणून जो परका बोलला, त्याला बंद करायचं.

आवडीला एकटीला होडीत बसवलं. 'पाहुणे जेवतायत,' म्हणाले. मग कळवलं, पाहुणे आराम करतायत. मग कळवलं, पाहुण्यांची प्रकृती नाजूक आहे. आणि मग कळवलं – कोण पाहुणे?

खाडी बंदच राहिली. आवडी दर हंगामाला देवळापुढे जायची, पण मागे उभी राहून ओठ मिटून घ्यायची. बायाबापड्या म्हणायच्या, दुःखाने वाचा गेली बिचारीची.

तुम्ही मनात म्हणताय, बाईने तोंड उघडायला हवं होतं. म्हणा, म्हणा! परवा तुमच्या सोसायटीच्या सभेत एक जण उभा राहिला होता ना? खरं बोलत होता ना? तो श्वास घ्यायला थांबला तेव्हा तुम्ही काय केलंत? वाकून चपला शोधल्यात! आणि नंतर जिन्यात त्याच्या खांद्यावर हात ठेवलात – 'बरोबर बोललास हो!' जिन्यात! मीही ठेवतो, जिन्यातच. आवडी गप्प बसली ती निदान एक माणूस जिवंत घरी न्यायला. आपण काय न्यायला गप्प बसतो? सांगा. नको, राहू दे. पखवाज जरा थांबवा.

आवडी दर वर्षी भव्यपूर दरबाराला एक अर्ज करते. पोच येते, उत्तर येत नाही. अर्ज असा –

'अर्जदार सौ. आवडी धाकू तांडेल, राहणार खारेबेट, सविनय विनंती करते की, तो दरबार कृपया पुन्हा एकदा भरवण्यात यावा. माझ्या यजमानांना आणून त्याच जागी उभं करावं व पहिलं वाक्य पुन्हा म्हणू द्यावं. पाणक्यास त्या वेळी बाहेर पाठवावं. उत्तर देण्याचा पहिला हक्क अर्जदाराचा आहे. योग्य ती तजवीज होऊन दिवस कळवावा. अर्जदार तयार आहे.'