आई भिंतीतून जेवते

भिंगरी: तुम्ही माझी आई नाही. तुम्हाला पाय आहेत.

आई: अगं, पाय सगळ्यांनाच असतात, राणी.

भिंगरी: माझ्या आईला नाहीत. ती इथपर्यंतच आहे. हे बघा, इथपर्यंत. खांद्याखाली संपते.

आई: फोनमध्ये तेवढंच दिसतं म्हणून. पाय माझे तेव्हाही होतेच.

भिंगरी: मग दाखवले का नाहीत?

आई: तू कधी दाखव म्हणालीच नाहीस.

भिंगरी: आत्या! या मावशी खोटं बोलतात!

आत्या: भिंगरे, मशीन चालू आहे माझं. सुई बोटातून आरपार जाईल. आणि मावशी नाही गं ती, सांगून सांगून घसा बसला माझा! आई आहे तुझी. काल विमानातून आली. आपणच नाही का आणायला गेलो होतो?

भिंगरी: आई विमानात बसत नाही. आई टेबलावर बसते, साखरेच्या डब्याला टेकून. आणि हळू बोला दोघी. ती जेवतेय.

आई: कोण जेवतेय?

भिंगरी: आई. भिंतीतून. वायर लावलीय, दिसत नाही का? लाल दिवा आहे म्हणजे तोंडात घास आहे. हिरवा झाला की पोट भरलं.

आई: आणि त्या फोनच्या अंगात काय घातलंय?

भिंगरी: कोट! आत्यानं शिवला. तीन बटणं आहेत. वरचं बटण लावायचं नाही, त्यानं आईचा डोळा झाकला जातो.

आत्या: माझ्याकडे असं बघू नकोस, वहिनी. थंडीत हटून बसली, आई काकडतेय म्हणाली. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा तुकडा उरला होता.

आई: बरं, भिंगरी, भूक लागली असेल ना? हे घे. ब्रेड-लोणी केलंय तुझ्यासाठी. कडा काढून, छान चार तुकडे.

भिंगरी: कडा कुठे गेल्या?

आई: काढल्या. कडक लागतात ना दाताला.

भिंगरी: मला कडाच आवडतात! मधलं मऊ आत्या खाते, कडा मी खाते. असंच असतं!

आई: अगं बाई! चुकलं माझं. थांब, ताटलीत आहेत अजून, टाकल्या नाहीत. या घे. सवय झालीय गं हाताला. तिकडे ते बाळ कडा खातच नाही.

भिंगरी: कुठलं बाळ?

आई: मी ज्यांच्याकडे काम करते त्यांचं. आता खा बघू, पिल्लू.

भिंगरी: मी पिल्लू नाही. पिल्लू ते बाळ आहे. आई त्याला पिल्लू म्हणते, ते तिच्यामागे रडलं की. मी ऐकलंय. मी भिंगरी.

आई: हो. भिंगरीच तू.

भिंगरी: मावशी, तुम्ही किती दिवस राहणार?

आत्या: भिंगरे! पाहुण्यांना असं विचारतात का?

आई: घ्या! तूसुद्धा मला पाहुण्यांत बसवलंस.

आत्या: जीभ घसरली गं मेली. वहिनी, तसं नाही.

आई: रविवारपर्यंत आहे मी, भिंगरी.

भिंगरी: मग ठीक आहे. तोपर्यंत माझ्या गादीवर झोपू नका फक्त. काल रात्री तुम्ही आलात ना, मला कळलं. मी झोपलेली नव्हते, नुसते डोळे मिटले होते.

आई: मग काही बोलली का नाहीस?

भिंगरी: तुम्ही रडत होतात. रडणाऱ्या माणसाला ऊठ म्हणू नये.

आत्या: पुरे हं आता तुझं पुराण. जा, तोंड धू, सगळं लोणी फासलंय नाकाला. आणि पायसुद्धा घास नीट.

भिंगरी: हो, हो! समोरच्या शाळेची घंटा होईल आता. घंटा झाली की आई येते. मावशी, तुम्ही पण केस विंचरा. आई बघेल तुम्हाला.

आत्या: ...गेली एकदाची. नळ चालू झाला. बोल आता काय बोलायचंय ते. चार शब्द सुनाव मला, मी ऐकून घेते.

आई: तुला काय सुनावू? अंग गरम झालं तेव्हा तू उशाशी बसलीस, दात पडला तेव्हा तू होतीस. मी कुठल्या तोंडानं सुनावू?

आत्या: तू गेलीस तेव्हा रांगत होती. दाराशी जायची, उंबऱ्याला धरून बसायची, तिथेच रडून रडून झोपायची. दादा देवाघरी गेलेला, घरात मी एकटी. मशीनवर बसू की हिच्यामागे पळू? मोठी झाली, विचारायला लागली, आई कुठाय. एकदा वैतागून बोलून गेले, फोनमध्ये आहे. तर चक्क गप्प झाली! मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी विचारते, आत खाते काय? म्हटलं, भिंतीतून जेवते. एक टाका घातला, मग दुसरा घालावाच लागला. आता उसवायला गेलं तर कापडच फाटतंय.

आई: मला तरी कुठे कळलं? रोज विचारायची, 'आई, हिरवी झालीस का?' मी हसून म्हणायचे, झाले हो झाले! वाटायचं, खेळतेय. मलाही तो खेळ आवडायचा, खोटं कशाला बोलू.

आत्या: येईल हळूहळू वळणावर. पोर आहे.

आई: हळूहळू कधी? रविवारी मी जाणार. पुन्हा सुट्टी कधी मिळेल देव जाणे, तोवर ती माझ्या खांद्याला लागेल. मला दुसरं काही नको गं. एकदा आपणहून माझ्या कुशीत यावी आणि आई म्हणावं. एकदाच. तेवढ्यावर पुढची सगळी वर्षं काढीन मी. नाहीतर दुसऱ्याचं लेकरू कुणाच्या जिवावर मांडीवर घेऊ?

आत्या: मग असं कर. घंटा झाली की तू स्वयंपाकघरात जा आणि तिथून फोन लाव. बोलता बोलता बाहेर ये, तिच्यासमोर. फोनमधली हलते तशी तूही हलतेस, हे डोळ्यांनी दिसलं की पटेल. डोक्यानं तल्लख आहे पोरगी.

आई: घाबरली तर?

आत्या: स्वतःच्या आईला कोण घाबरतं? जा, घंटा झाली बघ. आली ती पळत.

भिंगरी: आत्या, वाजतोय! आईचा हात धुऊन झाला, वायर काढ! आई! आज उशीर केलास.

फोनमधली आई: काम होतं जरा. तोंड धुतलंस का?

भिंगरी: धुतलं. हिरवी झालीस का?

फोनमधली आई: झाले. तू काय खाल्लंस?

भिंगरी: कडा. आई, कान इकडे कर. आपल्याकडे एक बाई आल्यात. त्या म्हणतात, मीच तुझी आई.

फोनमधली आई: मग? तुला काय वाटतं?

भिंगरी: त्यांना पाय आहेत.

फोनमधली आई: आणि तोंड? तोंड कुणासारखं आहे त्यांचं?

भिंगरी: थोडं तुझ्यासारखं. पण तू जुनी आहेस, त्या नवीन आहेत. आई, तुझ्यामागे तो निळा डबा कुठला? त्याला पोचा आहे. तो आमचा डबा आहे! मीच पाडला होता! आई, तू आपल्या स्वयंपाकघरात आलीस?

फोनमधली आई: हो, भिंगरी. आले. ये, बघ, ये लवकर.

भिंगरी: आत्या, आई आली! आई घरात आली! मावशी, सरका ना, आई कुठाय? इथेच होती, डब्यापाशी.

आई: मीच गं. बघ, मी हात हलवते, तुझ्या फोनमध्येही हात हलतो. मी बोलते, तिथेही ओठ हलतात. बघ ना, सोन्या, माझ्याकडे बघ.

भिंगरी: तुमच्या हातात काय आहे?

आई: माझा फोन. याच्यावरूनच मी रोज...

भिंगरी: त्यात मी आहे.

आई: हो, तू दिसतेस त्यात. मला रोज अशीच दिसतेस.

भिंगरी: मलाही आत घातलंत! आत्या! यांनी मला आत घातलं! माझे पाय नाहीत आत! आत्या, मला बाहेर काढ! मला भिंतीतलं नाही खायचं!

आत्या: अगं, अगं, नाही बाळा! वहिनी, बंद कर तो फोन, आधी बंद कर! पोर निळी पडली!

आई: केला. केला बंद. हे बघ, कुणी नाही आत. भिंगरी, कुणी नाही.

भिंगरी: आई गेली. आई काळी झाली. तुम्ही विझवलंत तिला.

आई: भिंगरी...

भिंगरी: हात लावू नका मला!

आत्या: वहिनी, तू जरा जिन्यात जाऊन बस. ऐक माझं. आणि तिथून... कळलं ना? दुसरा इलाज नाही आत्ता. ये गं माझ्या राजा, ये. विझली नाही आई, झोपली असेल. उठेल. हुंदके थांबव, नाहीतर वाजलेलं ऐकू कसं येणार? बघ! वाजला की नाही?

भिंगरी: आई? तुला लागलं का?

फोनमधली आई: नाही गं. मुळीच नाही लागलं.

भिंगरी: त्या बाईंनी तुला विझवलं.

फोनमधली आई: मुद्दाम नाही. त्यांना नीट जमत नाही काही. चुकतं त्यांचं.

भिंगरी: एवढ्या मोठ्या आहेत तरी?

फोनमधली आई: हो ना. एवढी मोठी आहे तरी.

भिंगरी: त्या कुठून आल्या?

फोनमधली आई: लांबून. एक मुलगी आहे त्यांना. तिला भेटायला आल्या.

भिंगरी: मग तिच्याकडे का नाही जात? आमच्याकडे का राहतात?

फोनमधली आई: ती ओळखत नाही त्यांना.

भिंगरी: अरेरे. बिचाऱ्या.

फोनमधली आई: वाईट आहेत का त्या, भिंगरी?

भिंगरी: नाही तशा. कडा परत दिल्या त्यांनी. आणि सकाळी माझे कान पुसले. हात ऊन आहेत त्यांचे. तुझा गाल गार असतो.

फोनमधली आई: मग आज दुपारी झोपशील त्यांच्याजवळ? रविवारी जायच्यात त्या.

भिंगरी: तू रागावणार नाहीस?

फोनमधली आई: मी कशाला रागावू? आणि ऐक... त्यांना एकदा आई म्हणशील?

भिंगरी: त्यांना आई म्हटलं, तर तू कोण होशील?

फोनमधली आई: बरं. नको म्हणूस. राहू दे.

भिंगरी: 'अगंतुगं' करू का? आत्याला करते तसं? चालेल?

फोनमधली आई: चालेल. पळेल. खूप आवडेल त्यांना.

भिंगरी: आई, तू रडू नकोस हं. पाणी आत गेलं की तू बिघडशील. आत्यानं सांगितलंय.

फोनमधली आई: नाही रडत. जा आता. झोप.

(थोड्या वेळानं. मशीन बंद आहे. आतल्या खोलीत गादी घातलेली.)

भिंगरी: मावशी, या. म्हणजे, ये. आईनं सांगितलंय, तुला जवळ घ्यायला.

आई: खरंच सांगितलं?

भिंगरी: हो. तू तिकडून झोप. ही उशी माझी आहे, ही घ्यायची नाही. तुझे डोळे का लाल झालेत?

आई: जिन्यात धूळ होती गं.

भिंगरी: आत्याला सांगते झाडायला. मावशी, तुझी मुलगी केवढी आहे?

आई: तुझ्याएवढी.

भिंगरी: ओळखेल ती. लहान मुलांना कधी कधी वेळ लागतो.

आई: हो. लागतो वेळ. भिंगरी, हात टाकू का तुझ्यावर?

भिंगरी: टाक. असा नाही गं! वरून टाक, हळूच. मध्ये आई झोपलीय, चेंगरेल ना ती.